किल्ली कुणाच्या कमरेला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी संगणक एका दिवसात म्हातारे झाले. त्यांचा पडदा अंधुक झाला नव्हता, की कळफलकावरील अक्षरे पुसली गेली नव्हती. आदल्या दिवशी ते जेवढे काम करीत होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही करीत होते. घडले ते इतकेच, की अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने, आधी जाहीर केल्याप्रमाणे, 'विंडोज १०' या आपल्या प्रणालीची नित्याची डागडुजी त्या दिवशी थांबविली. 'विंडोज ११' ही पुढची प्रणाली घ्यावी म्हटले, तर तिला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. साधारणतः २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या परीक्षेत नापास होतात. या कारणाने सुमारे चोवीस कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरातच वर्तविला होता. ज्याने दाम मोजून यंत्र घेतले, ज्याच्या टेबलावर ते उभे आहे, त्याला ते यंत्र जुने झाले की नाही हे ठरविण्याचा अधिकार उरला नाही. तो अधिकार दूर कुठेतरी दुसऱ्याच कुणाच्या हाती होता, हे त्याला त्या दिवशी कळले.

जुन्या एकत्र कुटुंबात घरातील सत्ता कुणाची हे ओळखायला फार चौकशी करावी लागत नसे. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे एवढे पाहिले म्हणजे पुरत असे. धान्य कुणी पिकविले, पैसे कुणी आणले, चुलीशी कोण बसले हे सारे प्रश्न गौण. कुलूप जिच्या हातून उघडे तिचे घर. व्यापारी प्रणाली आणि मुक्त प्रणाली यांच्यात गेली तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या स्पर्धेकडे आमच्या मते याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ही स्पर्धा फुकट आणि विकत यांची आहे असा आपल्याकडील सुशिक्षितांचाही समज आहे. तो अपुरा आहे. आणि अपुऱ्या समजावर बेतलेले सरकारी निर्णय नेहमीच महाग पडतात.

प्रथम विषय उलगडून सांगणे इष्ट. संगणक चालू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याच्या सर्व अवयवांकडून काम करवून घेणारा जो अदृश्य कारभारी असतो त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संचालन-प्रणाली म्हणतात. हा कारभारी माणसांनीच लिहिलेल्या लक्षावधी ओळींच्या आज्ञांचा बनलेला असतो. त्या आज्ञा ज्या मूळ स्वरूपात लिहिल्या जातात तो सोर्स कोड. व्यापारी प्रणालीत हा मूळ लेख कंपनीच्या तिजोरीत राहतो आणि ग्राहकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. मुक्त, म्हणजेच ओपन सोर्स प्रणालीत मूळ लेखही ग्राहकाच्या हाती पडतो. तो वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, याची त्याला मोकळीक असते. एकाने तयार पंचपक्वान्नांचे ताट पुढे ठेवावे आणि दुसऱ्याने त्याबरोबर पाककृतीची वहीही हवाली करावी, असा हा भेद आहे.

या भेदाचा उगम एका छापखानी अडचणीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत अशी सुधारणा केली होती, की कागद अडकताच ज्याची छपाई थांबली त्याला वर्दी मिळावी. नव्या यंत्रातही तो तेच करणार होता. परंतु या वेळी मूळ लेख कुणी देईना. ज्याच्यापाशी तो होता अशा एका संशोधकाने, आपण गुप्ततेच्या करारावर सही केली आहे, असे सांगून नकार दिला. दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर उभा आहे, त्याची मजुरीही मागत नाही, आणि तरीही त्याला हात लावू दिला जात नाही, हे स्टॉलमनला मानवेना. १९८३ मध्ये त्याने संपूर्ण मुक्त प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प सोडला. त्या प्रणालीचे अनेक भाग तयार झाले; गाभा तेवढा राहिला होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली हौसेखातर लिहीत असल्याचे जगाला कळविले, आणि पुढल्या वर्षी ती स्टॉलमनच्या मुक्त परवान्याखाली खुली केली. तीच लिनक्स. त्या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे. घ्या, बदला, वाटा, विकाही. परंतु बदललेले वाटाल तर त्याचा मूळ लेखही त्याच अटींवर वाटा. सार्वजनिक विहिरीतून पाणी न्यावे, पण विहिरीला खाजगी कुंपण घालू नये, असा हा नियम.

दुसऱ्या पक्षाची बाजू ऐकून न घेता निवाडा करणे आमच्या धर्मात बसत नाही. त्या बाजूचे पहिले ठळक निवेदन १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना लिहिलेल्या अनावृत पत्रात सापडते. आमची आज्ञावली तुम्ही पैसे न देता वाटून घेता. मग उत्तम आज्ञावली लिहिण्यासाठी वर्षानुवर्षे खपणाऱ्याचे पोट भरावे कसे, असा त्या पत्राचा आशय होता. हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही खोटा ठरलेला नाही. या मंडळींनी घेतलेल्या दामातूनच सामान्य माणसाला हाताळता येईल असा संगणक घरोघरी पोचला. आपल्या शहरांतील किती कारकून, हिशेबनीस, टंकलेखक आणि छोटे दुकानदार विंडोजच्या आधारावर या नव्या युगात उभे राहिले याची गणती नाही. त्या ऋणाचा विसर पडणे हा कृतघ्नपणा होईल. शिवाय विंडोज १० ही प्रणाली कंपनीने २०१५ पासून दहा वर्षे सांभाळली आणि तिच्या समाप्तीची पूर्वसूचनाही वेळेवर दिली. व्यवहाराच्या दृष्टीने तिने करारभंग केला असे कुणी म्हणणार नाही.

तथापि करार पाळला गेला म्हणून तो समान होता असे ठरत नाही. एक लहानसाच दाखला पुरेसा आहे. मुदत संपल्यावर घरगुती ग्राहकांना सुरक्षेची डागडुजी आणखी एक वर्ष देऊ केली गेली. परंतु तिच्या अटी देशागणिक निराळ्या. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकाला ती विनामूल्य मिळाली, कारण तेथील ग्राहक-संघटनांनी आवाज उठविला होता. इतरत्र मात्र तीस डॉलर भरा, किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची नक्कल कंपनीच्या भांडारात ठेवा, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेत पुरेसे गुण साठवा, असे पर्याय पुढे आले. माल एक, दिवस एक, दोषही एक. भाव तेवढा गिऱ्हाइकाच्या आवाजावर ठरला. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली म्हणजे घरात वाढले जाणारे पान हे असे तोंड पाहून वाढले जाते.

या दोन पक्षांतील झुंज एके काळी मोठी कडवी होती. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच कंपनीने २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनचे सर्वोच्च श्रेणीचे सभासदत्व घेतले. पंधरा वर्षांत रोगाचा सोयरा झाला! कारण उघड आहे. जगातील सर्वाधिक वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालणारे आहेत. ज्या यंत्रांवर बँका, रेल्वे-आरक्षणे आणि संदेशवहन उभे असते त्या सर्व्हरांच्या जगातही लिनक्सचा दबदबा आहे. उलट, टेबलावरच्या संगणकात तिचे स्थान अद्याप नगण्य. 'स्टॅटकाउंटर'च्या मोजणीनुसार २०२४ च्या जुलैत तो वाटा जगभरात शेकडा साडेचारच्या आसपास होता. अर्थात सत्तेचे वाटप झाले आहे. तज्ज्ञांनी आपल्यासाठी मुक्त प्रणाली निवडली आणि सामान्यांच्या पदरी परवाना आला. ज्याला कुलूप उघडता येते त्याने स्वतःची किल्ली करून घेतली; ज्याला येत नाही तो आजही दाराशी उभा आहे.

तरीही 'मुक्त' या शब्दाला भुलून जाण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणून तो दूरध्वनी आपल्या हुकमतीत आहे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीला, अँड्रॉइडच्या क्षेत्रातील वर्चस्वाचा दुरुपयोग केल्याबद्दल, १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आणि २०२३ च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले तरी दंड कायम ठेवला. विहीर सार्वजनिक राहिली खरी. पण रहाट, दोर आणि पोहरा एकाच्या मालकीचे झाले. प्रणाली ओपन सोर्स आहे एवढ्या पाटीने ग्राहकाचे रक्षण होत नाही, हा धडा या प्रकरणाने शिकविला.

मग राज्यकर्त्यांनी काय करावे? या प्रश्नाला दोन ठिकाणची उत्तरे उद्बोधक आहेत. एक जर्मनीतील म्युनिक शहराचे आणि दुसरे आपल्या केरळचे.

म्युनिकच्या नगरपालिकेने २००३ च्या मे महिन्यात आपले सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय केला. तो फिरविण्यासाठी खुद्द बाल्मर आपली सुटी अर्धवट टाकून नगराध्यक्षांच्या भेटीस गेले होते. मोठी सवलतही देऊ करण्यात आली. नगरपालिका बधली नाही. दहा वर्षे खपून २०१३ मध्ये तिने काम पुरे केले आणि एक कोटी युरोहून अधिक रक्कम वाचल्याचे जाहीर केले. परंतु २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने परत विंडोजकडे जाण्याचा ठराव मंजूर केला. दरम्यान मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्यालय म्युनिक शहरात आणले होते. त्यावरून बरीच कुजबुज झाली. त्या कुजबुजीत आम्ही भर घालू इच्छित नाही. इतर कचेऱ्यांकडून येणारे कागद नीट उघडत नव्हते, खात्या-खात्यांच्या खास आज्ञावली जुळत नव्हत्या, कर्मचारी कुरकुरत होते, हे खरेच होते. तथापि नगरपालिकेने नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालात दुखण्याचे मूळ प्रणालीपेक्षा कारभाराच्या विस्कळीत रचनेत अधिक असल्याचे नमूद होते. कुलूप बदलले, पण कोठीची व्यवस्था जुनीच राहिली. २०२० मध्ये सत्तांतर होताच नगरपालिकेने शक्य तेथे मुक्त प्रणालींचा अंगीकार करण्याचे धोरण पुन्हा स्वीकारले. राज्यकर्ते बदलले की प्रणाली बदलायची, आणि प्रत्येक बदलाचा खर्च करदात्याने सोसायचा, असा तो येरझारा. याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांताने २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या तीस हजार कर्मचाऱ्यांसाठी तोच मार्ग धरला, तो मात्र टप्प्याटप्प्याने. आधी लेखनाची आज्ञावली, मग टपाल, आणि मूळ प्रणाली त्यानंतर. म्युनिकच्या ठेचेने मागचा शहाणा झाला असावा.

केरळने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तेथे कचेऱ्यांच्या आधी शाळा घेण्यात आल्या. २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा तेथील शिक्षणही एकाच कंपनीच्या मालाभोवती फिरत होते. त्यावर वाद झाला, शिक्षक पुढे आले, आणि काही वर्षांत तेथील सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर स्थिरावले. पुढे हाच उपक्रम 'काइट' या नावाने सरकारी कंपनी म्हणून उभा राहिला. २०१९ मध्ये शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती काढताना, यामुळे राज्याचे तीन हजार कोटी रुपये वाचतील, असे सांगण्यात आले. हा आकडा परवान्यांच्या बाजारभावाने मांडलेला असल्याने आम्ही तो सावधपणेच घेतो. कारण घाऊक गिऱ्हाइकाला त्या भावाने कुणीच विकत नाही. आमच्या लेखी खरी कमाई निराळी आहे. तेथे प्रणालीत काय असावे आणि काय नसावे हे शिक्षक बसून ठरवितात, पाठ्यपुस्तकाला लागणारी साधने तीत घालतात, मल्याळमची सोय करतात. आणि सॉफ्टवेअर ही बाहेरून आलेली जादू नसून आपल्यासारख्या माणसांनी लिहिलेली, आपल्याला बदलता येणारी वस्तू आहे, हे मुलाला लहानपणीच उमगते. दोन दशकांत तेथे दोन्ही आघाड्यांची सरकारे येऊन गेली, तरी या धोरणाची घडी मोडली नाही. म्युनिकने यंत्रे बदलली. केरळने माणसे तयार केली. हा फरक ज्याला दिसणार नाही त्याने या विषयाच्या फायलीवर सही करू नये.

यावर कुणी म्हणेल, की शाळेतील मुलांचे ठीक आहे. आमच्या व्यापार-उद्योगाला या तत्त्वचर्चेशी काय कर्तव्य? त्याचे उत्तर २०२५ च्या जुलैत मिळाले. मुंबईत मुख्यालय आणि गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर, तिच्यातील रशियन भागीदारीमुळे, युरोपीय संघाने १८ जुलै रोजी निर्बंध लादले. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिचे टपाल आणि तत्सम सेवा बंद केल्या. पुरते दाम मोजून परवाने घेतले असता, आणि भारताच्या किंवा अमेरिकेच्या कायद्याने तशी सक्ती नसता, हे झाले, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या आणि प्रकरण मिटले. ही घटना संचालन-प्रणालीची नव्हती, टपालाची होती, हे आम्ही जाणतो. मायक्रोसॉफ्टलाही कायद्याचा धाक असणार, हेही आम्ही समजू शकतो. परंतु भारताच्या भूमीवरील एका भारतीय कंपनीचे दैनंदिन कामकाज, भारताने केलेला नाही अशा एका कायद्याच्या आधाराने, समुद्रापलीकडून आठवडाभर खुंटविता येते, एवढे यातून सिद्ध झाले. आज टपाल थांबले. उद्या याच जातीच्या दोरीला आणखी काय बांधलेले असेल?

मुक्त प्रणालीही राष्ट्राराष्ट्रांच्या भांडणांतून सुटलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखरेख करणाऱ्यांच्या यादीतून डझनभर रशियन नावे निर्बंधांच्या कारणास्तव वगळण्यात आली, आणि टॉरव्हाल्ड्स यांनी त्याचे समर्थन केले. ज्यांनी वर्षानुवर्षे निरपेक्ष सेवा केली त्यांची ही बोळवण आम्हांस रुचली नाही. परंतु भेद पाहा. त्या माणसांची नावे यादीतून गेली. त्यांच्या संगणकावरील लिनक्स गेली नाही. तिचा मूळ लेख त्यांच्या घरी होता, आणि तो परत मागण्याची सोय परवान्यानेच ठेवलेली नव्हती. पंचायतीने त्यांचे पान वेगळे मांडले. त्यांच्या घराचे कुलूप मात्र तिला बदलता आले नाही.

मुक्ततेचा दुबळेपणाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२४ च्या मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या लिनक्स यंत्रावर प्रवेश घेताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर जाणवला. त्याने मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा 'एक्स-झेड' नावाच्या एका लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कुणीतरी चोरवाट खोदून ठेवल्याचे उघडकीस आले. ती आज्ञावली वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक विनावेतन सांभाळीत होता. तो थकला होता. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अज्ञाताने दोन-तीन वर्षे त्याचा विश्वास संपादन करून हा डाव साधला. मूळ लेख उघडा होता म्हणून चोरी सापडली; आणि राखणदाराच्या श्रमाचे मोल कुणी केले नव्हते म्हणून चोर आत शिरला. ही दोन्ही सत्ये एकाच घटनेतील आहेत. ज्याने ती उघडकीस आणली तो अभियंता मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. गेट्स यांनी १९७६ मध्ये विचारलेला प्रश्न इथे पुन्हा दारात उभा राहतो. फुकट मिळाले म्हणजे फुकट झाले असे नव्हे. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी चुकविलेली असते.

महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. 'गाव करी ते राव ना करी' ही म्हण आपली आणि सहकाराचा प्रयोगही आपलाच. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा सर्वांची मालकी ही केवढी शक्ती आहे हे देशाने पाहिले. त्याच सहकारात सभासद झोपला की मूठभरांचे कसे फावते, हेही आपण नंतर पाहिले आहे. मुक्त प्रणाली हा ज्ञानाच्या क्षेत्रातील सहकारच होय. त्याचे सामर्थ्य तेच आणि त्याचा रोगही तोच.

या प्रकरणी आमचेही हात अगदीच स्वच्छ नाहीत, याची कबुली दिली पाहिजे. युनिकोडपूर्व काळात मराठी वृत्तपत्रे निरनिराळ्या खाजगी फाँटांत जुळवली जात. प्रत्येक फाँटाची अक्षरांची आतली सांकेतिक मांडणी निराळी, आणि ती विकणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसे. आमच्या कचेरीतही तसाच एक फाँट होता. तो चालावा म्हणून संगणकाच्या पाठीमागे बोटभर लांबीची एक कळ लावावी लागे. पुढे संगणक बदलले, ती कळ नव्या यंत्रात बसेना, आणि विकणाराही धंद्यातून उठला. आज त्या दहा-बारा वर्षांतील आमचे अग्रलेख, निवडणुकांची वृत्ते, संपादकीय पानावरील पत्रव्यवहार पडद्यावर उघडावा, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर आमचा, भाषा आमची, श्रम आमचे. आणि वाचायचे म्हटले, तर माळ्यावरच्या पिवळ्या पडलेल्या बांधीव अंकांना शरण जावे लागते. विकत घेताना आम्ही भाव विचारला होता, छपाई कशी येते हे पाहिले होते; परंतु किल्ली कुणाकडे राहील हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. जी चूक एका वृत्तपत्राने केली ती एका राज्याने करू नये, एवढ्यासाठीच हा खाजगी तपशील चारचौघांत मांडला.

लेखणी हाती घेण्यापूर्वी आम्ही काही वर्षे खडू हाती धरला होता. त्यामुळे शाळेचा विचार आमच्या मनातून सहसा जात नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो तरुण-तरुणींना संगणकाची ओळख करून दिली, शासकीय नोकरीचे दार उघडून दिले. हे कार्य मोठे आहे. पण त्याचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर राहिला, हेही खरे. परिणाम असा, की आपल्या पिढ्यांनी संगणक शिकला तो एका दुकानातील मालाच्या नावाने. मुलाला एका कारखान्याचे पेन चालवायला शिकविले म्हणजे लेखन शिकविले असे होत नाही. पेन बदलले की ज्याचे अक्षर थांबते, त्याला साक्षर कसे म्हणावे?

आमचे म्हणणे सर्व कचेऱ्यांतून विंडोज उद्याच हाकलून द्यावी असे मुळीच नाही. जेथे तिच्यावाचून काम अडते तेथे ती राहो, आणि तिचे दाम रीतसर मोजले जावोत. चोरून वापरलेली व्यापारी प्रणाली ही लाचारी आणि अप्रामाणिकपणा या दोहोंची बेरीज असते. आमची मागणी माफक आहे. विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे राज्यातील शाळांत, महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत किती संगणक निकामी ठरतात, याची नोंद शासनाने प्रसिद्ध करावी. त्यांतील एकही यंत्र, त्यावर मुक्त प्रणाली चालते की नाही हे तपासल्यावाचून, भंगारात जाऊ नये. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या अशा उतारवयीन यंत्रांवर सुखाने नांदतात. आरंभ शाळांपासून व्हावा, आणि यंत्रांच्या आधी शिक्षकांची तयारी व्हावी. सरकारी कागद कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशाच स्वरूपात आणि युनिकोड मराठीत असावा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलेले धोरण सरकारी कामात ओपन सोर्सला अग्रक्रम देते आणि तो डावलल्यास कारण देण्यास सांगते. त्या कारणांची तपासणी कुणीतरी करावी. ज्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली त्या संस्थेचे माहेर आपल्या पुण्यात आहे. तज्ज्ञ शोधायला फार दूर जावे लागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परवान्यांचे जे पैसे वाचतील त्यांतील ठराविक हिस्सा त्याच प्रणालींच्या देखभालीसाठी, त्या लिहिणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसांच्या वेतनासाठी राखून ठेवावा. हा हिस्सा न ठेवता केलेली बचत ही दुसऱ्याच्या घामावर केलेली बचत होय, आणि ती एक दिवस अर्ध्या सेकंदाच्या उशिरातून वसूल होते.

किल्ली कमरेला खोचण्यात मान आहे हे खरे. परंतु जुन्या घरांत ती जिच्या कमरेला असे तिलाच पहाटे उठून कोठी झाडावी लागे, धान्याला ऊन द्यावे लागे, उंदरांची बिळे बुजवावी लागत. मुक्त प्रणाली आपल्याला किल्ली देते, झाडलोट देत नाही. ती झाडलोट करण्याची तयारी असेल तरच किल्ली मागावी. आमच्या मते महाराष्ट्राने ती मागितली पाहिजे. शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक एखाद्या शिक्षकाने आणि चार मुलांनी मिळून पुन्हा चालू केला, तर त्या खोलीत त्या दिवशी जे शिक्षण होईल ते कोणत्याही परवान्याबरोबर विकत मिळत नाही.